साताऱ्यात घरी हॉट टब: महिन्याचा खर्च नक्की किती धरायचा?

गोडोलीचा_बंगला
गोडोलीत बंगल्यामागे चार जणांचा अ‍ॅक्रिलिक टब बसवायचा विचार आहे. पाणी १,२०० लिटर, हीटर ३ किलोवॅट, पंप दोन स्पीडचा. विक्रेता म्हणतो महिन्याला दीड हजारात भागतं. घरचा वापर सध्या २३० युनिटच्या आसपास आहे. टब रोज संध्याकाळी दोघं अर्धा तास वापरणार, जेट लावून. वीज खरी किती लागेल? पाणी आणि औषधांचा खर्च किती? नळाला कासचं पाणी आहे, शिवाय बोअरही आहे. आणि गच्चीवर बसवला तर चालेल का?

मीटररीडिंग
दीड हजार हा आकडा मे महिन्यातला, तोही झाकण लावून नुसत्या ठेवलेल्या टबचा असावा. हिशेब सोपा आहे. १,००० लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. तुमच्या १,२०० लिटरला अंशामागे १.४ युनिट. नवीन पाणी २२ अंशांवरून ३८ वर न्यायला साडेबावीस युनिट आणि साधारण साडेसात तास. पण हे पाणी बदलतानाच लागतं. खरा पैसा जातो तो तापलेलं पाणी तापलेलंच ठेवण्यात.

हिवाळ्यात रात्रंदिवसाची सरासरी २० अंश धरा. झाकण चांगलं असेल तर टब सरासरी २०० वॅट उष्णता गमावतो, म्हणजे दिवसाला पाच युनिट. झाकण काढून अर्धा तास बसलात की वाफेवाटे आणखी एक-दीड युनिट. फिल्टरसाठी पंप लो स्पीडवर चार तास चालला तर सव्वा युनिट, जेटचे पाऊण. पंपाची थोडी उष्णता पाण्यातच उतरते, ती वजा करून दिवसाला आठ-साडेआठ आणि महिन्याला अडीचशे युनिट धरा.

आता खरी मेख. हे अडीचशे युनिट तुमच्या २३० च्या वर चढतात. त्यातले पहिले ७० जातात १०१-३०० च्या स्लॅबमध्ये, उरलेले १८० थेट ३०१-५०० मध्ये. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून निघालेला दर इथे लावू नका. स्लॅबचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असं मोजा. सगळं मिळून सरासरी १६ रुपये धरले तर महिन्याला चार हजार. घरात गीझर किंवा एसी वाढला की पाचशेची रेघ ओलांडली जाते आणि पुढचं प्रत्येक युनिट सगळ्यात महाग पडतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ३६ अंशांवर ठेवलंत तर तापवण्याचा खर्च निम्म्यावर येतो.

झाकण_आधी
वरचा हिशेब "झाकण चांगलं असेल तर" या चार शब्दांवर उभा आहे. बाजारात दिसणारी बरीच झाकणं म्हणजे रेक्झिनमध्ये घातलेला थर्माकोल. आतलं प्लास्टिक फाटलं की वाफ फोममध्ये शिरते आणि तिथेच पाणी होऊन राहते. झाकण उचलताना दोन माणसं लागायला लागली म्हणजे ते भिजलं आहे. भिजलेला फोम उष्णता अडवत नाही, मग वाळवण्याच्या खटपटीत पडू नका, बदला. तीन ते पाच वर्षांनी हा खर्च येणारच, तो आधीच धरून ठेवा.

तपासायचं असं: रात्री दहाला एमसीबी खाली पाडा आणि तापमान लिहून ठेवा. सकाळी सहाला पुन्हा बघा (आधी पाच मिनिटं पंप फिरवा, नाहीतर सेन्सरजवळचंच पाणी मोजलं जातं). आठ तासांत एक-सव्वा अंश उतरलं तर ठीक. तीन अंश उतरलं तर झाकणाची मधली घडी, कडेची पट्टी किंवा टबाच्या स्कर्टमागचं (बाजूच्या आवरणामागचं) इन्सुलेशन, यांपैकी काहीतरी गेलं आहे. त्या तीन अंशांचे सव्वाचार युनिट होतात, रोज रात्री.

पाण्यावर तरंगणारी बबल शीट झाकणाखाली टाका. ती स्वस्त आहे, वाफ जागीच दाबते आणि झाकणाचं आयुष्यही वाढवते. आणि हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर हिवाळ्यात बंद ठेवा. तो बाहेरची थंड हवा पाण्यातून फिरवतो आणि पाण्याचं तापमान बघता बघता उतरतं.

क्षारपरीक्षा_मिरज
पाण्याबद्दल. नळाचं कासचं पाणी भरा, बोअरचं नको. कासचं पाणी मऊ आहे, हीटरवर थर बसत नाही. मात्र फार मऊ पाण्याला फेस येतो आणि ते धातूचे भाग खातं. पट्टीने तपासा. कॅल्शियम १५० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली असेल तर थोडं कॅल्शियम क्लोराइड टाका किंवा बोअरच्या पाण्याच्या काही बादल्या मिसळा. आमच्याकडे मिरज-पलूस पट्ट्यात उलट त्रास: बोअर खारट आणि जड, एलिमेंटवर पांढरा थर चढतो. मग एलिमेंट आतून जास्त तापतं, पाण्यापर्यंत उष्णता कमी पोचते आणि शेवटी ते फुटून आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पाडतं.

औषधांची मापं १,२०० लिटरला देतो. अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरणारा क्षारपणा) ८० ते १२० पीपीएम ठेवा. २० पीपीएम वाढवायला ४० ग्रॅम खायचा सोडा. पीएच ७.२ ते ७.८. क्लोरीन ३ ते ५ पीपीएम. ३ पीपीएमसाठी ५६ टक्क्यांची एसडीआयसी (क्लोरीन देणारी) पावडर साडेसहा ग्रॅम. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनच्या टीसीसीए गोळ्या टाकू नका. गरम पाण्यात त्या भराभर विरघळतात, पीएच पाडतात आणि गोळी तळाशी पडली तर अ‍ॅक्रिलिकवर डाग उठतो. ब्लीचिंग पावडरने पाणी गढूळ आणि जड होतं.

एसडीआयसीमधून सायन्युरिक आम्लही (वाढलं की क्लोरीनचा जोर कमी करणारं) येतं आणि ते साठत जातं. नवीन पाण्यात एकूण ७० ग्रॅम गेली की ते ३० पीपीएमवर पोचतं. तिथे थांबा आणि पुढे द्रव सोडियम हायपोक्लोराइट वापरा. १० टक्क्यांचं असेल तर ३ पीपीएमला ३६ मिली. कॅन सावलीत ठेवा, उन्हात त्याचा जोर उतरतो. क्लोरीनचं औषध आणि पीएच उतरवायचं आम्ल कधीही एका मापात घेऊ नका, विषारी वायू निघतो.

पाणी कधी बदलायचं? लिटर भागिले (रोजची माणसं गुणिले ११). तुमचे ५४ दिवस येतात, म्हणजे वर्षाला सहा-सात वेळा. फिल्टर आठवड्याला नळीखाली धुवा, महिन्याला डीग्रीझरमध्ये भिजवा. दोन फिल्टर आलटून पालटून वापरले तर एक नीट वाळतो. औषधं आणि फिल्टर मिळून खर्च विजेपुढे किरकोळ आहे. पण फिल्टर तुंबला की प्रवाह कमी होतो, हीटर स्वतःच बंद पडतो, आणि लोक मेकॅनिकला बोलावून हीटर बदलून घेतात. आधी फिल्टर काढून टब चालवून बघा. चालला तर दोष फिल्टरचा.

गोडोलीचा_बंगला
सगळ्यांचे आभार, खूपच कामाची माहिती. समजा पुढे वापर फक्त शनिवार-रविवार झाला, तर मधले पाच दिवस पूर्ण बंद ठेवावा का? आणि गच्चीचं राहिलं.

मीटररीडिंग
पाच दिवस ३८ वर धरून ठेवलात तर २४ युनिट. पूर्ण बंद केलात तर पाणी ११ अंश उतरतं, पुन्हा तापवायला साडेपंधरा युनिट आणि पाच तास. ३० अंशांवर सेट करून फिल्टर चालू ठेवलात तर एकूण १६ च्या आसपास. बंद आणि ३० यांत अर्ध्या-एक युनिटाचा फरक, त्यासाठी साचलेलं कोमट पाणी कशाला पोसायचं? ३० वर ठेवा, क्लोरीन टाकत राहा, शनिवारी दुपारीच वाढवा.

मंजूरभार
गच्ची: १,२०० किलो पाणी, टब अंदाजे ३००, माणसं ३००. हे चार चौरस मीटरवर म्हणजे चौरस मीटरला ४५० किलो. माणसांची ये-जा असलेली गच्ची साधारण १५० किलोला डिझाइन केलेली असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय विषयच नको. खाली जमिनीवर १०० मिमीचा काँक्रीट ओटा करा, एका बाजूला किंचित उतार द्या.

वायरिंगसाठी हीटर आणि पंप एकत्र चालल्यावर २२-२४ अँपिअर येतात. स्वतंत्र ६ चौ. मिमी तांब्याची केबल, ३२ अँपिअरचा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि वेगळं अर्थिंग. बिलावर मंजूर भार (जोडणीला मान्य केलेले किलोवॅट) बघा. कमी असेल तर आधी वाढवून घ्या, टब आल्यावर नाही.

खर्च खरोखर उतरवायचा असेल तर दोन वाटा. एक, टायटॅनियम कॉइलचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र). साताऱ्याच्या थंडीतही एका युनिटात तीन युनिटांची उष्णता देतो. दिवसा, हवा गरम असताना चालवा. दोन, छतावर सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे आणि तेवढ्यात दिवसाला बाराएक युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी. घरात बंबाऐवजी सोलर वॉटर हीटर असेल तर पाणी बदलताना त्याचं ६० अंशांचं ३०० लिटर टबात सोडा. सुरुवातच ३१-३२ अंशांवरून होते, १३ युनिट वाचतात. पण टबाचं पाणी परत त्या सोलर टाकीत फिरवू नका.

क्षारपरीक्षा_मिरज
एक राहिलं. टब रिकामा करताना पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. क्लोरीन तिथले जिवाणू मारतं आणि एकदम १,२०० लिटर गेल्यावर गाळ वर येतो. झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवा, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसलं की नारळाला किंवा लॉनला द्या. कुंड्यांना नको, त्यात क्षार साठतात.