ॲविमोरची जंगल-तळी सायकल फेरी : तुमचे अनुभव लिहा

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांमधली ही फेरी इथल्या बऱ्याच जणांनी केली आहे. ॲविमोरहून निघायचं, रॉथीमर्कसच्या पाइन जंगलातून लॉख ॲन एलन (लॉख म्हणजे तळं), पुढे लॉख मॉर्लिख, रायव्होनची खिंड, लॉख गार्टन आणि बोट ऑफ गार्टन या गावावरून परत. साधारण चाळीस किलोमीटर. जुलैत पुण्याहून भाऊ येतोय, त्याला न्यायचं आहे. माहिती नको, ती मिळते. तुम्हाला काय लक्षात राहिलं ते लिहा.

ढगोबा, ॲबरडीन
मुळं! रॉथीमर्कसमध्ये पाइनची मुळं वाटेवर आडवी पसरलेली असतात. ओली असली की त्यांच्यावर ब्रेक दाबायचा नाही, चाक सरळ ठेवून जाऊ द्यायचं. झाडं मात्र बघत राहावीत अशी. खोडाचा वरचा भाग संध्याकाळच्या उन्हात तांबूस होतो आणि खाली ब्लेबेरीची झुडपं. जुलैअखेर थांबून खा, जिभा जांभळ्या होतात.

कैरीचं पन्हं
आई साताऱ्याहून आली होती. तिला ई-बाइक दिली आणि फक्त लॉख ॲन एलनला चक्कर मारली, पाचेक किलोमीटरची. बेटावर पडका किल्ला, चहूबाजूंनी पाणी. आईचा पहिला प्रश्न, "किल्ल्यावर जायला होडी नाही का गं?" नाही. काठावरूनच बघायचा. सगळी फेरी झेपणार नसेल तर एवढंही पुरे, लोक उगाच कमी लेखतात.

रानवाटा
रायव्होनच्या खिंडीत ॲन लोखान उएन्या हे हिरवं तळं आहे. पऱ्या तिथे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं, अशी दंतकथा. तळ्यापुढे चढ सुरू होतो आणि दगड सुटे; आम्ही सरळ उतरून ढकलल्या. वर रायव्होनची बॉथी, म्हणजे कुणालाही फुकट मुक्काम करता येणारं दगडी घर. वीज नाही, नळ नाही, संडास नाही. त्या पावसात मात्र आतल्या बाकावर बसून खाल्लेले मेथीचे ठेपले पंचतारांकित होते.

चिलटग्रस्त
भावाला जुलैत नेताय म्हणून सांगतो : मिजेस. डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं, पण थवेच्या थवे. सायकल चालू असेपर्यंत काही नाही, वाऱ्यातही ती उडत नाहीत. पंक्चर काढायला जंगलात, तेही सावलीत थांबलात की संपलं. ट्यूब बदलायची तर लॉख मॉर्लिखच्या वाळूवर, वारा असेल तिथे. डोक्यावरची जाळी स्वस्तात मिळते. हसू नका, घ्या.

पाखरू
लॉख गार्टनला दुर्बीण न्या. ब्रिटनमधून जवळपास नाहीसे झालेले ऑस्प्रे, म्हणजे मासे पकडणारे शिकारी पक्षी, इथे परत आले आणि १९५९ पासून लोकांना त्यांचं घरटं लांबून बघता येतं. उजनीला हिवाळ्यात दिसतात ते यांच्यातले नव्हेत. इथले पश्चिम आफ्रिकेला जातात. एप्रिल ते ऑगस्ट जंगलात वाट सोडून सायकल घालू नका, कॅपरकेली हा मोठा रानपक्षी जमिनीवर घरटं करतो.

उलटा गडी
सगळे एकाच दिशेने का जाता? मी उलटा जातो, आधी बोट ऑफ गार्टन. वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून असतो. तुमच्या पद्धतीने शेवटचा मोकळा माळ तोंडावर वारा घेत काढावा लागतो, तोही पाय गेलेले असताना.

ढगोबा, ॲबरडीन
@उलटा गडी, आणि बॉथीकडून त्या सुट्या दगडांवरून उतरायचं, समोरून चालणारी माणसं येत असताना? मला तोंडावरचा वारा चालेल. शिवाय त्या माळावर शेजारून वाफेचं इंजिन जातं, भावाला आवडेल. आगगाडीने येणार असाल तर सायकलची जागा आधी राखून ठेवा.