दुसरा अ‍ॅम्प टाकतोय, पॉवर जुन्या वायरवरूनच घेऊ का?

कराडी_बेस

नमस्कार मंडळी. गाडी 2016 ची स्विफ्ट पेट्रोल. पुढे कंपोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे), मागे कोअ‍ॅक्सिअल, डिकीत चार चॅनलचा क्लास एबी अ‍ॅम्प (चॅनलला 75 वॅट आरएमएस, म्हणजे सतत देऊ शकणारी ताकद). त्याला दुकानातलं तयार '8 गेज किट' (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) लावलंय, बॅटरीपाशी 60 अँपिअरचा फ्यूज. आता 12 इंची सब (सबवूफर, खोल बासचा स्पीकर; डबल कॉइल, 4+4 ओहम) आणि त्याच्यासाठी 2 ओहमला 500 वॅट देणारा क्लास डी मोनो (एका चॅनलचा अ‍ॅम्प) घेतोय.

दुकानदार म्हणतो, "जुन्या अ‍ॅम्पच्या टर्मिनलवरून जंपर मारतो, अर्ध्या तासाचं काम. लाइटा मिचमिचल्या तर कपॅसिटर टाकू." पटत नाहीये, पण नेमकं का ते सांगता येत नाहीये. शिवाय हेड युनिटला (डॅशबोर्डवरच्या स्टीरिओला) मागे आरसीएच्या (सिग्नल केबलच्या) दोनच जोड्या आहेत, फ्रंट आणि रिअर. सबला सिग्नल कुठून देऊ? वाय केबल (एका सिग्नलचे दोन करणारी) लावू का?

वायरिंगवाले_नाना

जंपर मारू देऊ नकोस. हिशेब साधा आहे, कागदावर कर.

क्लास एबी म्हणजे बॅटरीतून घेतलेल्यातलं साधारण 60 टक्केच स्पीकरपर्यंत पोचतं, बाकी उष्णता. तुझ्या चार चॅनलचे 300 वॅट भागिले 0.6, भागिले 13.8 व्होल्ट: 36 अँपिअर. मोनो क्लास डी, 80 टक्के धर: 500 भागिले 0.8 भागिले 13.8, म्हणजे 45. बेरीज 81. गाणं सतत एवढं ओढत नाही, पण ढोलाच्या ठोक्याला ओढतंच. आणि तुझी वायर 8 गेजची, फ्यूज 60 चा. मग फ्यूज उडतो, दुकानदार 100 चा टाकून देतो, आणि तिथून पुढे वायर हाच फ्यूज होतो. फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, हे निम्म्या दुकानांत कुणाला सांगून पटत नाही.

बॅटरीपासून डिकीपर्यंत नवी 25 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढ. अ‍ॅम्पवाले जिला 4 गेज म्हणतात ती 21 च्या आसपास असते, आपल्याकडे 25 सहज मिळते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत 100 चा एएनएल (बोल्टने बसणारा, जास्त करंटचा) फ्यूज. डिकीत फ्यूजवाला डिस्ट्रिब्यूशन ब्लॉक, त्यातून 16 स्क्वेअरच्या दोन वायरी: मोनोला 60 चा फ्यूज, चार चॅनलला 50 चा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार वर्षभरात इन्सुलेशन खाते.

काही लोक पुण्यातल्या तपकीर गल्लीतून (इलेक्ट्रिकच्या सामानाचा बाजार) वेल्डिंग केबल आणून लावतात. चालते, मात्र तांब्याचीच बघून घे, अ‍ॅल्युमिनियमचीही विकायला असते. इंजिनाजवळ वरून फ्लेक्सिबल पाइप चढव.

सिग्नलसाठी वाय केबल नको. सेटिंगमध्ये जाऊन बघ, बऱ्याच हेड युनिटांत रिअरचं आउटपुट 'सबवूफर' करता येतं. तसं असेल तर ती जोडी मोनोला दे, फ्रंटची चार चॅनलला, आणि चार चॅनलवर '2 सीएच / 4 सीएच' असा इनपुटचा स्विच असतो तो 2 वर कर. पुढच्या-मागच्या आवाजाचा फेडर जाईल, पण सबचा आवाज स्टिअरिंगवर बसून कमीजास्त करता येईल. माझ्या मते सौदा फायद्याचा आहे.

रिमोटची निळी-पांढरी वायर (हेड युनिट सुरू झालं की अ‍ॅम्प सुरू करणारी) एका अ‍ॅम्पवरून दुसऱ्याला पुढे नेली तरी चालते. पंखे वगैरे त्याच्यावरच टाकायचे असतील तर मात्र चार पायांची 12 व्होल्टची रिले बसव. 85-86 ला कॉइल, 30 वर फ्यूजमधून बॅटरी, 87 मधून अ‍ॅम्पच्या रिमोटला आणि पंख्यांना.

तिसरा_गिअर

एवढं कशाला? जुना विकून पाच चॅनलचा एकच अ‍ॅम्प घ्या. एक वायर, एक अर्थ, जागाही वाचते.

वायरिंगवाले_नाना

तोही मार्ग आहे, नवीन घेणाऱ्याला मीही तेच सांगतो. पण याचा चार चॅनल चांगला चालतोय आणि जुन्या अ‍ॅम्पला बाजारात किंमत काय येते ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय पाच चॅनल घेतला तरी वायर बदलायचीच आहे, त्यातून सुटका नाही.

ओहमचा_नियम

कपॅसिटरचं गणित कुणी केलं नाही म्हणून करतो. 1 फॅरडचा कॅप 13.8 वरून 12.8 व्होल्टवर आला की साधारण 13 ज्यूल सोडतो. मोनो पूर्ण ताकदीवर 625 वॅट ओढतो. भागाकार करा: सेकंदाचा पन्नासावा हिस्सा. त्यानंतर तो कॅपही ऑल्टरनेटरकडेच हात पसरतो. तेच पैसे वायरीत घाला.

कराडी, तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर एक करून बघा. गाडी चालू, आवाज मोठा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज घ्या, मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर. मग एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलला (वायर लांब लागेल). तो आकडा 0.1 ते 0.2 च्या वर नको.

कराडी_बेस

केलं. बॅटरीवर 13.7, अ‍ॅम्पवर 12.8. अर्थच्या बाजूला 0.4 दाखवतोय! अर्थ मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला मारलेला आहे. आणि नाना, जुन्या वायरची एक तार ब्लेडने खरवडली, तांब्याच्या खाली पांढरी निघाली.

वायरिंगवाले_नाना

मग ते कॉपरचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याला रोध तांब्याच्या दीडपट. खऱ्या तांब्याची 8 गेज पाच मीटर घेतली तरी 80 अँपिअरला आठ दशांश व्होल्ट वाटेत जातात, तुझ्यात सव्वा व्होल्ट जातील. 25 स्क्वेअरला पाव व्होल्टच्या जरा वर. ते किट काढूनच टाक, रिमोटची वायर तेवढी ठेव.

सीटबेल्टचा बोल्ट आजच मोकळा कर. अपघातात तो माणसाला धरून ठेवतो, त्याच्याखाली थिंबल (वायरीच्या टोकाची कडी) घालून बसक बिघडवायची नसते. आणि रंगावर, लॉकटाइटवर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) अर्थ कधी नीट लागत नाही, म्हणूनच तुझे 0.4. डिकीत चेसिसचा जाड पत्रा शोध, रुपयाएवढी जागा चकचकीत होईपर्यंत रंग घास, स्टार वॉशर, नटबोल्ट, वरून ग्रीस किंवा रंगाचा हात. दोन्ही अ‍ॅम्पचा अर्थ त्याच एका जागी, दीड फुटाच्या आत, पॉवरच्याच जाडीचा. दोन अर्थ दोन ठिकाणी केलेस तर एक्सलेटरबरोबर चढणारी ती 'ऊंऊं' शीळ ऐकायची तयारी ठेव. आरसीए गाडीच्या दुसऱ्या बाजूने ने.

बॅटरी ते बॉडीची कंपनीची काळी वायरही बारीक असते. तिच्या जोडीला 25 स्क्वेअरची एक टाक. ज्यांच्या नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या क्लॅम्पवर (बॅटरीतला करंट मोजणारा) सेन्सर आहे त्यांनी मात्र हे थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडू नये, सेन्सरच्या बॉडीकडच्या बाजूला जोडावं.

कॉइल पॅरलल कर, 2 ओहम होतात. गेन (इनपुटची पातळी जुळवणारा नॉब) कानाने लावू नकोस. सबची वायर काढ, बास बूस्ट बंद, हेड युनिट पाऊण आवाजावर, 50 हर्ट्झचा टोन लाव, मीटर एसीवर. 500 वॅट गुणिले 2 ओहम, त्याचं वर्गमूळ 31.6. मीटर 31 च्या आसपास आला की हात थांबव. मोनोवर लो पास 80 (80 हर्ट्झच्या खालचंच जाऊ देणारा फिल्टर), दारांच्या स्पीकरला हाय पास 80 (वरचंच जाऊ देणारा).

कराडी_बेस

रविवारी वायर ओढतो. मोनो सबच्या बॉक्सवरच स्क्रूने बसवला तर चालेल का? जागा तिथेच आहे.

वायरिंगवाले_नाना

नको. बॉक्स हादरतो, आतले सोल्डर सुटतात, स्क्रूच्या भोकांतून हवाही गळते. मागच्या सीटच्या पाठीला प्लायची फळी लाव, तिच्यावर दोन्ही बसतील. स्क्रू मारायच्या आधी सीट पाडून बघ, टोकं कापडातून बाहेर यायला नकोत.