प्रेशर वॉशर: घेताना, चालवताना, ठेवताना (अनुभव धागा)

उचलून नेता येईल असा घरगुती प्रेशर वॉशर घ्यायचा तर काय बघायचं, आणि घेतल्यावर यंत्र आणि आपण दोघंही धडधाकट राहावं म्हणून काय पाळायचं, यासाठी हा धागा. 'मस्त आहे, डोळे झाकून घ्या' असे प्रतिसाद नकोत. कोणतं काम, किती दाब, किती पाणी, कुठलं नोझल, काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा.

* * *

सुरुवात आकड्यांपासून. खोक्यावर ठळक छापलेला बार (दाबाचं एकक) हा बहुतेकदा कमाल दाब असतो. सलग धुताना मिळतो तो कामाचा दाब, आणि तो कमीच असतो. यंत्राच्या अंगावरच्या पट्टीवर दोन्ही आकडे वेगळे दिलेले असतात, ती पट्टी वाचा.

आकडा खरा की फुगवलेला हे तपासायला सोपा हिशोब आहे. दाब (बार) गुणिले पाणी (लिटर प्रति मिनिट) भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. १२० बार आणि ६ लिटर धरले तर १.२ किलोवॅट झाले. पंप-मोटरमध्ये वाया जाणारं धरून मोटर १.६ ते १.८ किलोवॅटची लागणार. आता १४०० वॅटचं यंत्र '२०० बार, ८ लिटर' म्हणत असेल तर त्याला नुसत्या पाण्यासाठीच २.६७ किलोवॅट हवेत. ते आणायचे कुठून? अशा खोक्याला दुरूनच नमस्कार.

पीएसआयचा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, त्यामुळे १५०० पीएसआय म्हणजे जेमतेम १०३ बार.

आणि नुसता दाब बघून चालत नाही. दाब मळ सुटा करतो, पण तो वाहून नेतं पाणी. गाडीसाठी ८० ते १०० बार पुष्कळ. अंगणातली फरशी, पेव्हर ब्लॉक, कुंपणाच्या भिंतीवरचं शेवाळ असेल तर ११० ते १३० बार आणि मिनिटाला ६-७ लिटर.

* * *

वरचाच हिशोब बॅटरीवाल्या यंत्रांना लावा. २४ बार आणि ३ लिटर म्हणजे १२० वॅट. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ७२ वॅट-तास असतात. कागदावर ३६ मिनिटं, प्रत्यक्षात वीसेक मिनिटं धरा. सायकल, चिखलाचे बूट, मच्छरजाळी, बाल्कनीची जाळी यांना छान. बादलीतून पाणी ओढतं ही मोठी सोय. शेवाळलेल्या फरशीवर मात्र ते पिचकारीच.

* * *

मोटर दोन प्रकारच्या. कार्बनवाली (युनिव्हर्सल) हलकी आणि स्वस्त, पण कर्कश, आतले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजतात. इंडक्शन मोटर जड, आवाज कमी, आयुष्य जास्त. महिन्यातून एकदा गाडी धुणार असाल तर कार्बनवाली पुरे. दर आठवड्याला तासभर चालवणार असाल तर वजन सोसा आणि इंडक्शन घ्या. 'पोर्टेबल' शब्दावर जाऊ नका. चाकं मोठी आहेत का आणि नळी ५ मीटर आहे की ८, ते बघा. आखूड नळीमुळे यंत्र ओढलं जातं, आडवं होतं, आणि कपलिंग (नळीचा जोड) पिळवटतं.

* * *

पंप मरतात ते बहुतेक पाण्यावाचून. घेण्याआधी नळ मोजा. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद? ६० सेकंद लागले तर मिनिटाला १० लिटर, उत्तम. ६ लिटरच्या यंत्राला १०० सेकंदांत भरणारा नळ अगदी काठावरचा. थोडं जास्तच हवं.

सुरू करताना क्रम असा:
नळ पूर्ण उघडा. मोटर बंदच. गनचं ट्रिगर दाबून धरा. आधी फुर्र-फुर्र करत, थुंकल्यासारखं पाणी येतं, मधे हवा सुटते. धार सलग, गुळगुळीत झाली की ट्रिगर सोडा आणि मग बटण दाबा. हा अर्धा मिनिट वाचवणाऱ्यांचेच सील (पंपातल्या पाणी अडवणाऱ्या कड्या) जळतात, कारण त्या सीलना थंडावा देणारं पाणीच असतं.

टाकीतून किंवा बादलीतून ओढायचं असेल तर ओढणारी नळी आधी पाण्याने भरून घ्या, टोकाला जाळी आणि उलट-झडप असलेला फूट व्हॉल्व्ह लावा. पाण्याची पातळी पंपाच्या फार खाली नको, अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. आत येणारं पाणी गार हवं. घरगुती यंत्रांना मर्यादा सहसा ४० अंशांची असते. उन्हात तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी सोडून द्या.

* * *

नोझलचे रंग पाठच करा. लाल ०°, पिवळं १५°, हिरवं २५°, पांढरं ४०°, काळं ६५° (साबणासाठी). घरात लाल लागत नाही. सरळ डब्यात टाकून द्या, मुलांच्या हाताला लागायला नको.

गाडीला पांढरं, काँक्रीटला हिरवं. रंगापेक्षा अंतर महत्त्वाचं: अंतर निम्मं केलं की धारेने झाकलेला पट्टा निम्मा होतो आणि मार एकवटतो. गाडीच्या पत्र्यापासून ३० सेंटिमीटर तरी लांब. टायरच्या बाजूच्या भिंतीवर जवळून धार मारू नका. आतले धागे दुखावतात आणि ते बाहेरून दिसत नाही. अनोळखी पृष्ठभागावर ६० सेंटिमीटरपासून सुरू करा, कोपऱ्यात, आणि मळ सुटेपर्यंतच जवळ या. धार काटकोनात मारू नका. थोडी तिरकी धरली की मळाच्या खालून शिरते.

यांना धार नकोच: एसीच्या बाहेरच्या युनिटचे आणि रेडिएटरचे पातळ पत्रे (दुमडतात), चाकाचे बेअरिंग आणि साखळी (ग्रीस निघून जातं), सोललेला रंग असलेली गाडी, दारं-खिडक्यांचे रबर, विजेचे बोर्ड. लाकडाचे तंतू उभे राहतात. जुन्या भिंतीचा चुना किंवा सांधे निघून येतात. आणि ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यावर कधीच नाही. त्याचे तंतू हवेत उडतात, ते छातीत जातात.

* * *

वीज: १८०० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ८ अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका. अर्थिंग पक्कं हवं, आणि लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच). एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तारेला वाचवतो. एक्स्टेन्शन शक्यतो टाळा. लागलंच तर २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल घ्या, रीळ पूर्ण उलगडा (गुंडाळलेली केबल तापते) आणि जोड जमिनीवरून उचलून कोरड्यात ठेवा. पातळ तारेमुळे व्होल्टेज पडतं, मग मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. अशी गुणगुण ऐकली की लगेच बंद करा.

पेट्रोलचं यंत्र असेल तर गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

* * *

सगळ्यांनी वाचावं असं एक. धार कातडीत शिरली तर बाहेर टाचणीने टोचल्याएवढं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही, सुरुवातीला दुखतही कमी. आत मात्र पाणी, साबण आणि घाण स्नायूंच्या थरांतून लांबवर गेलेली असते. मलम लावून, पट्टी बांधून थांबायचं नाही. त्याच तासात हॉस्पिटल गाठायचं आणि 'हाय प्रेशर इंजेक्शन' हे शब्द सांगायचे, नाहीतर साधी टोचणी समजून परत पाठवतील. शस्त्रक्रिया लागू शकते.

म्हणून: बोटाने धार तपासायची नाही, चपला किंवा पाय धुवायचे नाहीत, जनावर धुवायचं नाही. बंद बूट आणि बाजूने झाकलेला चष्मा. शिडीवर चढून नको. ट्रिगर दाबताच गन मागे धक्का देते. उंचीसाठी लांब लान्स (गनच्या पुढची दांडी) घ्या.

* * *

फोमबद्दल थोडक्यात. फेस पातळ येत असेल तर साबण बदलण्याआधी फोम गनच्या (साबणाचा फेस करणारी, बाटली जोडलेली गन) आतलं छिद्र बघा. १.२५ मिलिमीटरचं असेल आणि यंत्र लहान असेल तर १.१ चं लावा. आतली जाळीची गोळी चोंदली तरी हेच होतं. साबण खालून वर लावा, वाळू देऊ नका, धुताना वरून खाली. ब्लीच यंत्रातून नको, सील खातं.

* * *

दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारी, वारंवारतेच्या क्रमाने:

धार धडधडते, कमी-जास्त होते. नोझलमध्ये खडा असेल, बारीक तारेने आतून साफ करून उलट्या बाजूने धुवा. नसेल तर पाणी येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून बघा. तीही स्वच्छ असेल तर नळाच्या जोडातून हवा ओढली जातेय.

ट्रिगर सोडलेलं असताना मोटर मधूनच सुरू होऊन बंद होते. कुठेतरी दाब गळतोय. गन, नळी, कपलिंग कोरडं पुसून थेंब शोधा. बाहेर थेंब नसेल तर आतली उलट-झडप.

दाब हळूहळू उतरत गेला. बऱ्याचदा नोझल झिजून भोक मोठं झालेलं असतं. लोक पंप उघडतात, नोझल बदलत नाहीत.

पंपाचं तेल दुधाळ झालं म्हणजे सीलमधून पाणी शिरलं. (तेल असलेल्या पंपांत पहिलं तेल साधारण ५० तासांनी बदलतात.)

ज्या यंत्रात ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप थांबत नाही, त्यात तेच पाणी पंपात गरगरत तापतं. दोन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर बटण बंद.

* * *

बंद करतानाचा क्रम उलटा: मोटर बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून अडकलेला दाब सोडा, गनचं लॉक लावा, आणि त्यानंतरच नळी काढा. दाब न सोडता कपलिंग फिरवायला गेलं तर ते सुटत नाही, आणि सुटलं तर तोंडावर उडतं. पाणी काढून ठेवा. जिथे गोठतं तिथे उरलेलं पाणी पंपाची बॉडी फोडतं. ओ-रिंगला (जोडातली रबरी कडी) थोडं सिलिकॉन ग्रीस.

नवी नळी किंवा गन घेताना एक फसगत होते. एम२२ चा (२२ मिलिमीटरचा) आटा दोन जातींत येतो, आतली दांडी १४ मिलिमीटरची किंवा १५ ची. आटे तंतोतंत बसतात, पण १४ ची दांडी १५ च्या भोकात गेली की गळतच राहते, कितीही आवळा. जुना भाग सोबत न्या आणि दांडी कॅलिपरने मोजून घ्या.