मदत हवी आहे: गाडीत झोपल्यावर डोकं धरतं, अलार्म कुठला घेऊ?

घाटवाट
शनिवारी पहाटे स्पितीला निघायचंय, त्यामुळे जरा घाई आहे. गाडी इथेच पुण्यात बनवून घेतलीये, बेड, ओटा, सगळं आत. मागच्या आठवड्यात दिवेआगरला ट्रायल मारली. सकाळी बायकोचं आणि मुलाचं डोकं गच्च धरलेलं, मुलाला मळमळत होतं. मला काहीच नाही. धुराचा वास नव्हता, गॅसगळतीचा अलार्म बसवलाय तोही वाजला नाही. आता मित्र म्हणतो वेगळा अलार्म लागतो. कुठला घेऊ? नाव सांगा, आज मागवतो. उपदेश नकोत प्लीज.

टपरीवाला
गाडी कोणती? रात्री इंजिन चालू होतं? एसी कशावर चालवलात? सगळं लिहिलंत आणि नेमकं हेच गाळलंत.

मुक्काम पोस्ट
आम्ही वर्षानुवर्षं ओम्नीत झोपतोय. काच दोन बोटं खाली ठेवायची, विषय संपला. अलार्म वगैरे फॅडं आहेत. दिवेआगरला मासे खाल्ले असतील, बाधले असतील.

कोकणकन्या
पोराला मळमळलं की मासे बदनाम! बाकी चालू द्या.

वॉर्ड नं. ७
मी अतिदक्षता विभागात काम करते. एकाच जागी झोपलेल्या दोघांचं एकदम डोकं धरलं तर आधी कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्यायची. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. गॅसगळतीचा अलार्म एलपीजीचा, त्याला हा वायू कळतच नाही. कार्बन मोनॉक्साइडचाच घ्या आणि खोक्यावर 'ईएन ५०२९१-२' आहे का बघा. शेवटचा २ महत्त्वाचा, तो कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठीचा.
आणि तुम्ही स्वतः कुठे झोपला होतात?

घाटवाट
पुढच्या सीटवर, काच उघडी टाकून. घोरतो म्हणून हाकललं होतं.
@टपरीवाला ट्रॅव्हलर, डिझेल. इंजिन बंद होतं. एसी जनरेटरवर, तो मागच्या डिकीत आहे, पेट्रोलवर चालतो. स्पितीत हीटरही त्यावरच लावणार. त्याचा काय संबंध?

टपरीवाला
काय संबंध?! डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघं मेलेले सापडले. एनआयटी कालिकतच्या लोकांनी तीच परिस्थिती उभी करून तपासलं. जनरेटरचा धूर तळाच्या भोकातून आत येत होता. आधी खाली वाकून तुमच्या जनरेटरचा सायलेन्सर कुठे सुटतो ते बघा, अलार्म नंतर.

मुक्काम पोस्ट
म्हणूनच म्हणतो, मागची काच उघडी ठेवा.

टपरीवाला
मागची तर अजिबातच नको. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, एकटी मागची काच उघडली की आपलाच धूर आत ओढला जातो. तुमच्या ओम्नीत जनरेटर नव्हता, एवढंच तुमचं नशीब.

सह्यकडा
अलार्म जमिनीलगत लावा, गॅस खाली बसतो.

वॉर्ड नं. ७
खाली बसतो तो एलपीजी. हा जवळपास हवेच्याच वजनाचा, सगळीकडे पसरतो. झोपताना डोकं असतं त्या बाजूला लावा. स्पितीत आणखी एक घोळ होतो. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर, तिथे विरळ हवेनेही डोकं दुखतं, मळमळतं. 'उंची लागली' म्हणून पांघरूण घेऊन पडून राहू नका. अलार्म वाजला तर सगळे बाहेर, मग ११२. कुठून येतंय हे शोधायला परत आत जायचं नाही. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात 'गाडीत धूर होता' हे आपणहून सांगा, नाहीतर तिथेही उंचीचंच औषध मिळेल.

नियमबहाद्दर
आरसीवर बदल नोंदवलाय का? मोटार वाहन कायदा, कलम ५२.

सह्यकडा
मनालीकडून जाताय की शिमल्याकडून? मनालीकडचा कुंझुम घाट उशिरा उघडतो.

घाटवाट
शिमल्याकडून. आरसीचं नंतर.
आत्ता गाडीखाली शिरून आलो. जनरेटरचा पाइप बंपरपर्यंत नेलेलाच नाही, चॅसिसच्या आतच कापून सोडलाय. वीतभर अंतरावर सिंकच्या नळीसाठी पाडलेलं भोक. नळी अंगठ्याएवढी, भोक मुठीएवढं, आणि कडेला बोट फिरवलं तर काळं झालं. वर बरोबर बेड. गॅरेजवाला म्हणतो फोम मारून देतो.

टपरीवाला
फोम उष्णतेने जळतो. पत्रा मारून कडेने उष्णता सोसणारं सीलंट भरा. पण भोक बुजवलं तरी दारं-खिडक्यांच्या फटींतून धूर येणारच. झोपताना जनरेटर बंदच हवा. आणि बेड मागे म्हणताय, मग मागचं दार आतून उघडतं का? आग पुढे लागली तर बाहेर कुठून पडणार?

घाटवाट
नाही उघडत. बेडची फळी आडवी आलीये. कापतो.
जनरेटर काढून टाकतोय, स्पितीत जाड रजया नेऊ. अलार्म शुक्रवारी येईल. आधी एक रात्र अंगणात इंजिन चालू ठेवून, आत कोणी न झोपता तपासतो. निघणं सोमवारवर गेलं, बायको खूश आहे.

मुक्काम पोस्ट
जनरेटर विकायचा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. किती केव्हीएचा आहे?