सध्या सुईवर काय आहे? वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंतच्या लेसकामाचे अनुभव

विदर्भातल्या पुष्कळ घरांत, ट्रंकेच्या तळाशी जुन्या पातळात गुंडाळून ठेवलेला, क्रोशाचा एखादा तरी रुमाल सापडतो. तो कधीकाळी रुखवतात मांडलेला असतो, कुणी विणला हे घरात ठाऊक असते, पण तो कसा विणला हे कुणीही लिहून ठेवलेले नसते. आपल्याकडे ही कला शेजारच्या काकूंच्या ओसरीवर, शाळेतल्या शिवणकामाच्या तासाला किंवा माहेरी आलेल्या आत्याकडून हातोहात पुढे गेली. विणणारीचे हात थांबले की नमुनाही तिथेच थांबतो, आणि मला हे फार मोठे नुकसान वाटते.

म्हणून हे अनुभव मागवत आहे. क्रोशा, टॅटिंग (धोट्याने गाठी मारून केलेली लेस), बॉबिन लेस (धागा गुंडाळलेल्या काड्या एकमेकींवरून ओलांडून केलेली लेस), गाठींची जाळी, यांपैकी जे काम आत्ता हातात आहे त्याविषयी लिहावे. पूर्ण झालेल्या वस्तूचे कौतुक सगळेच करतात. विणणाऱ्याने कुठे काय ठरवले, हे मात्र अर्धवट कामातच दिसते. धाग्याचा नंबर जरूर कळवावा (नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, हे नवीन शिकणाऱ्यांसाठी), नमुना कुठून मिळाला ते सांगावे आणि शक्य असेल तिथे टाक्यांचा हिशेब द्यावा. आतापर्यंत आलेले अनुभव पुढे देत आहे.

मोर्शी तालुका, निवृत्त शिक्षिका

माझ्या सुईवर सध्या तान्ह्या पोळ्यासाठी नातवाच्या लाकडी नंदीची झूल आहे. बाजारात चमकीच्या तयार झुली मिळतात, परंतु मला पांढऱ्या सुतात, चौकटीच्या क्रोशात बैलजोडी विणायची होती. या प्रकारात सगळे काम दोनच खणांवर चालते. मोकळ्या खणात एक खांब (उंच टाका) आणि दोन साखळ्या (एकापुढे एक ओवलेले साधे फास) येतात, आणि भरलेल्या खणात त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब येतात. त्यामुळे ओळीत जितके खण, त्याच्या तिप्पट अधिक एक इतके खांब धरावे लागतात. माझी झूल ४० खणांची आहे, म्हणजे १२१. नमुना मी मुलांच्या आलेख वहीत स्वतः काढला. आधी संक्रांतीच्या ठिपक्यांच्या रांगोळीप्रमाणे ठिपके देऊन बैलाची वशिंड आणि शिंगे बसवली आणि मग चौकोन भरले.

या कामात कागदावरचा चौकोन आणि सुतातला चौकोन यांत फरक पडतो, आणि त्याविषयी नमुन्यांच्या पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते. ज्यांचा खांब उंच पडतो त्यांच्या बैलाचे पाय उंटासारखे लांबतात आणि ज्यांचा खांब बुटका पडतो त्यांचा बैल पसरतो. म्हणून आधी दहा खण रुंद आणि दहा ओळी उंच असा तुकडा विणून पट्टीने मोजावा आणि तो चौरस येईपर्यंत सुई बदलावी. २० नंबरच्या धाग्याला माझ्या हाती सव्वा मिलिमीटरची सुई बसली. एका बैलाचे तोंड झाले आहे, दुसऱ्याची शिंगे चालू आहेत. दोन्ही बैल एकमेकांकडे पाहणारे हवेत, म्हणून दुसरा नमुना उजवीकडून डावीकडे उलटा वाचावा लागतो आणि तिथे लक्ष पूर्ण एकवटावे लागते.

वाशीम जिल्हा, आरोग्य सेविका

माझे काम फिरतीचे असल्यामुळे मला टॅटिंगच सोयीचे पडते. धोटा (धागा गुंडाळायचे छोटे साधन) आणि धाग्याची छोटी गुंडी पर्समध्ये मावते, आणि एसटीची वाट पाहताना किंवा लसीकरणाच्या दिवशी आया यायच्या आधी दोन-तीन वर्तुळे होऊन जातात. टॅटिंग मला आमच्या मोठ्या जाऊबाईंनी शिकवले. त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, ती येथे लिहिते, कारण नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचे काम तिथेच अडते. धोट्याने घातलेला फास पहिल्यांदा धोट्याच्या धाग्याचाच असतो. डावा हात सैल सोडून धोट्याचा धागा ताठ केला की तो फास उलटतो आणि डाव्या हातावरच्या धाग्याचा होतो. असा तो उलटला नाही, तर गाठ जागीच आवळते आणि शेवटी वर्तुळ ओढून बंद होत नाही. टॅटिंग क्रोशासारखे सर्रकन उसवता येत नाही, म्हणून प्रत्येक गाठ सरकते की नाही हे पाहूनच पुढे जावे.

सध्या भाचीच्या लग्नातल्या पोलक्याच्या बाह्यांसाठी ४० नंबरच्या मोतिया धाग्यात बारीक लेस चालू आहे. एका वर्तुळात ५ गाठी, पिको (कडेला सोडलेला धाग्याचा छोटा फास), ५ गाठी, पिको, ५ गाठी, पिको, ५ गाठी असे घेते आणि शेजारची वर्तुळे बाजूच्या पिकोने जोडते. एक बाही झाली आहे.

भंडारा जिल्हा, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

आम्ही ढिवर समाजाचे. माझे वडील मामा (माजी मालगुजारी) तलावात मासेमारी करतात आणि घरात जाळी विणण्याचे काम मी लहानपणापासून पाहत आले. जाळ्याच्या सुईवर दोर भरायचा, बांबूच्या पट्टीवरून तो फिरवायचा आणि वरच्या डोळ्यात गाठ मारायची. पट्टीच्या रुंदीएवढा डोळा आपोआप सारखा येतो. दोन वर्षांपूर्वी फिले लेसची छायाचित्रे पाहिली तेव्हा त्यातली गाठ ओळखीची वाटली. युरोपात जी लेस या नावाने प्रसिद्ध आहे तिची पार्श्वभूमी म्हणजे गाठींचे चौकोनी जाळेच असते, आणि त्याच जाळ्यावर नंतर सुईने भरून फुले, पक्षी काढतात. गाठही तीच, जी आमच्याकडे जाळ्याला मारतात.

फरक एवढाच, की मासळीच्या जाळ्याचे डोळे टांगल्यावर तिरके, शंकरपाळ्याच्या आकाराचे दिसतात आणि लेसला ते सरळ चौकोनी हवे असतात. त्यासाठी काम एका कोपऱ्यापासून सुरू करून प्रत्येक ओळीच्या शेवटच्या डोळ्यात दोन गाठी मारून एकेक डोळा वाढवत न्यायचा असतो, आणि हवी ती रुंदी आली की तसाच एकेक कमी करायचा असतो. मी हे चित्र काढून वडिलांना दाखवले. डोळे वाढवण्याची रीत त्यांना उत्तम माहीत होती, कारण फेकायच्या गोल जाळ्याचा घेर असाच वाढवतात. त्यांनी नायलॉनच्या दोराचा एक हातभर चौकोन मला करून दाखवला आणि त्यावरून मी सुती धाग्यात, पट्टीच्या जागी स्वेटरची जाड सुई वापरून, जाळी धरली.

आता आईच्या देवघरासाठी पडदा करते आहे. जाळी पूर्ण झाली आहे, ती लाकडी चौकटीवर ताणून बांधली आहे आणि तिच्यावर सुईने कमळे भरते आहे. एक कमळ भरून झाले तेव्हा वडील बराच वेळ ते उलटसुलट करून पाहत होते आणि मग त्यांनी एक गाठ ढिली असल्याचे बोट ठेवून दाखवले. तेवढी गाठ मी नव्याने मारली.

या अनुभवाला जोडून संकलक म्हणून थोडे लिहितो. मोर्शीच्या बाईंची चौकटीची झूल आणि हा पडदा दिसायला सख्ख्या बहिणी आहेत, कारण चौकटीचा क्रोशा निघाला तो गाठींच्या फिले लेसची नक्कल म्हणूनच. क्रोशा लवकर होतो आणि त्याला एका सुईपलीकडे काही लागत नाही, म्हणून गरजेच्या काळात तो झपाट्याने पसरला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात अनेक कुटुंबांनी क्रोशाची लेस विकून दिवस काढले. आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विदर्भात असा व्यवसाय उभा राहिला नाही आणि त्यामुळे आपल्या नमुन्यांची कुठे नोंदही नाही. जाळ्याच्या गाठीपासून लेसपर्यंतची अशी वाट आणखी कुणी चालले असेल, तर त्यांनी अवश्य लिहावे.

वर्धा जिल्हा, शेतकरी

पुढचा मुद्दा मांडण्याची फार दिवसांची इच्छा होती. आमच्या वावरात पऱ्हाटी आहे, कापूस आम्ही दरवर्षी हिंगणघाटच्या बाजारात नेतो, आणि लेसचा धागा मात्र नागपूरहून रिळात बांधून आलेला विकत घेतो. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयातले चरखे पाहिल्यापासून घरच्या सुताची लेस करावी असे मनात होते, आणि सध्या ते काम चालू आहे.

एकेरी सूत क्रोशाला चालत नाही. सुईच्या प्रत्येक वेढ्याबरोबर त्याचा पीळ कमी-जास्त होतो आणि धागा एक तर फुटतो किंवा गुंता होऊन बसतो. म्हणून तीन सुते एकत्र घेऊन कातताना दिलेल्या पिळाच्या उलट दिशेने पीळ द्यावा लागतो. असे केले की दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. पीळ पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी हातभर धागा दुमडून सैल सोडावा. तो स्वतःभोवती फिरला नाही, शांत लोंबला, तर धागा तयार झाला. नंतर लडी पाण्यात उकळून, वजन टांगून वाळवते.

या धाग्याला दुकानातल्या धाग्याची चमक येत नाही. ती चमक धागा ताणून कॉस्टिक सोड्यातून काढल्यामुळे येते आणि घरी कुणी तसे करण्याच्या भानगडीत पडू नये. पण घरच्या सुताचा खांब भरदार दिसतो आणि धुण्यागणिक मऊ होतो. समईखालचा गोल रुमाल विणते आहे. पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, असे प्रत्येक फेरीत १२ वाढवले की तो सपाट बसतो. कमी वाढवले तर द्रोण होतो, जास्त वाढवले तर झालर पडते. सूत थोडे जाडेभरडे असले तरी या हिशेबात काही बदल करावा लागला नाही.

भंडारा जिल्ह्यातूनच, मोहाडीकडून

वरचे अनुभव वाचून लिहिते. मी कोशाच्या (टसर रेशमाच्या) धाग्याची ओढणीची किनार करते आहे. टसरचा मूळचा मधासारखा रंग तसाच ठेवला आहे. कोसा सुईवरून घसरतो, म्हणून धातूऐवजी घासून केलेली बांबूची सुई वापरावी, टाके हातात राहतात.

परतवाड्याजवळचे गाव, बी.एड. करणारी मुलगी

मी बॉबिन लेस शिकते आहे. आपल्या देशात ही लेस कन्याकुमारी जिल्ह्यात, नागरकोइलच्या बाजूला मिशनच्या शाळांमधून रुजली. आमच्या भागात ती करणारे मला कुणी भेटले नाही, त्यामुळे साधनांपासूनच सुरुवात करावी लागली. उशीसाठी जाड मांजरपाटाची पिशवी शिवून तिच्यात आरागिरणीतला लाकडाचा भुसा ठोकून ठोकून भरला. टाचणी उभी रोवल्यावर हलता कामा नये, इतकी ती घट्ट हवी. बॉबिन आमच्या गावातल्या बुरूड काकांनी बांबूच्या काड्यांचे करून दिले. बांबू हलका असल्याने धाग्याला ताण पुरेना, तेव्हा प्रत्येक बॉबिनच्या टोकाला तारेत काचेचे मणी ओवले आणि ताण बसला. पुढे वाचनात आले, की इंग्लंडमध्येही बॉबिनला असेच मणी लावतात.

कामाची रीत ऐकायला सोपी आहे. बॉबिन जोड्यांनी चालतात आणि एका वेळी दोन जोड्या, म्हणजे चारच बॉबिन हातात असतात. हालचाली दोनच: मधले दोन बॉबिन डावा उजव्यावर असे ओलांडायचे, आणि प्रत्येक जोडीत उजवा डाव्यावर घालून पीळ द्यायचा. ओलांड, पीळ, ओलांड केले की कापडासारखा दाट भाग तयार होतो. ओलांड आणि पीळ एवढ्यावर थांबले की जाळीदार होतो. अवघड असते ते कोणती जोडी कुठून आली हे लक्षात ठेवणे. मे महिन्यात आमच्याकडे पंखा लावल्याशिवाय बसवत नाही आणि पंख्याखाली बॉबिन हलून एकमेकांत अडकतात, म्हणून पहाटेच काम करते. १२ जोड्यांची, बोटभर रुंदीची पट्टी चालू आहे. ती आजीच्या पांढऱ्या रुमालाला लावायची आहे.

यवतमाळ जिल्हा, गृहिणी

मला दराविषयी लिहायचे आहे. मी बाळंतविड्यासाठी कुंच्या आणि दुपट्यांच्या किनारी विणते. तालुक्याच्या एका दुकानदाराने माझी लेस तराजूत टाकून वजनावर पैसे दिले. लेस जितकी नाजूक तितकी हलकी आणि तितकाच तिला वेळ जास्त, त्यामुळे वजनावर दर म्हणजे उत्तम कामाला सर्वांत कमी पैसे. तेव्हापासून मी धाग्याची किंमत वेगळी आणि विणण्याच्या तासांची मजुरी वेगळी, अशी दोन ओळींत लिहून देते. शेतातल्या रोजापेक्षा माझ्या दिवसाची किंमत कमी का असावी, याचे उत्तर मला कुणी दिलेले नाही. मीटरवर मिळणारी तथाकथित क्रोशा लेस गिऱ्हाईक पुढे करते, तेव्हा मी सांगते की खरा क्रोशा यंत्रावर होत नाही, ती विणाईची नक्कल असते. सध्या पिवळ्या दुपट्याची किनार हातात आहे आणि तिचे पैसे याच हिशेबाने ठरले आहेत.

अकोट तालुका, महालक्ष्म्यांच्या घरची सून

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या मखराला आजेसासूबाईंनी विणलेली झालर लावतात. ती मध्ये विरली आहे, म्हणून तिच्याकडे पाहूनच नवी विणते आहे. नमुना सांगणारे घरात कुणी उरलेले नाही. जुनी झालर काळ्या कापडावर टाचून, भिंगाखाली खांब मोजून पुढील हिशेब उतरवला आहे.

एकूण साखळ्या ६ च्या पटीत अधिक २ घ्याव्यात. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (सुईला आधी वेढा न घेता विणलेला बुटका टाका) घालून ओळभर मुके खांब विणावेत. काम उलटून १ साखळी, पहिल्या टाक्यात मुका खांब; मग २ टाके सोडून पुढच्या एकाच टाक्यात ५ खांब, पुन्हा २ सोडून पुढच्यात मुका खांब, असे शेवटपर्यंत. पाचांपैकी तिसऱ्या खांबानंतर ३ साखळ्या घेऊन त्याच खांबाच्या माथ्यावर सरकत्या टाक्याने जोडावे, म्हणजे शिंपल्याच्या टोकावर पिको येतो. लांबी वाढवायची असल्यास दर शिंपल्यामागे सुरुवातीलाच ६ साखळ्या जास्त घ्याव्यात. धुतल्यावर भाताच्या पेजेची पातळ खळ देऊन प्रत्येक पिकोला टाचणी लावून वाळवावे, नाहीतर शिंपले आत वळतात.