तासन्‌तास श्वासरंध्रे मिटून बसणारा कोष: कीटकांमध्ये ही पद्धत उत्क्रांत का झाली असावी?

ऐनाचे पान (प्रश्न):

आमच्या भंडारा जिल्ह्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या पाळतात, आणि हिवाळ्यातल्या पिकातले बियाण्याचे कोसे, म्हणजे पुढच्या पिकासाठी राखलेली अळ्यांची रेशमी वेष्टणे, पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सावलीत टांगून ठेवतात. यंदा त्यांतला एक कोसा मी देठाच्या बाजूने हलक्या हाताने कापला आणि आतला तपकिरी कोष (अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था) भिंगाखाली धरला. पोटाच्या दोन्ही अंगांना ओळीने लंबगोल श्वासरंध्रे स्पष्ट दिसली, परंतु तासभर पाहूनही त्यांत कसलीच हालचाल जाणवली नाही. कोष मात्र जिवंत होता; बोट लावताच त्याने पोटाचे टोक वळवले.

असे कोष श्वासरंध्रे तासन्‌तास मिटून घेतात व मधूनच एकदा उघडतात, असे नंतर वाचनात आले. त्याचे कारण बहुतेक ठिकाणी ‘पाणी वाचवण्यासाठी’ एवढेच दिलेले असते. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. ही पद्धत सर्व कीटकांना एकाच पूर्वजाकडून मिळाली आहे का? आणि पाणी वाचवणे हेच तिच्या उत्क्रांतीचे कारण मानावे का?

काजवा:

आधी यंत्रणा मांडतो, कारण वादाचे मूळ तिच्यातच आहे. कीटकांच्या शरीरात प्राणवायू रक्तावाटे फिरत नाही. श्वासरंध्रांपासून फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या श्वासनलिका तो थेट पेशींपर्यंत नेतात. इटालियन शास्त्रज्ञ माल्पिगीने 1669 मध्ये रेशीमकिड्याच्या या नलिकांचे वर्णन केले, आणि रंध्रांवर तेल लावले की किडा मरतो हेही दाखवले.

आपल्या टसरच्याच कुळातल्या, अमेरिकेत आढळणाऱ्या सिक्रोपिया पतंगाच्या कोषांवर श्नायडरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 व 1960 च्या दशकांत जे काम केले, त्यातून या श्वसनाचे तीन टप्पे स्पष्ट झाले. पहिल्या टप्प्यात रंध्रे घट्ट मिटलेली असतात. आतला प्राणवायू खर्च होतो, पण तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बव्हंशी शरीरद्रवात विरघळून राहतो, त्यामुळे नलिकांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. प्राणवायूचा दाब 4 ते 5 किलोपास्कलपर्यंत उतरला की रंध्रे किंचित फडफडू लागतात आणि हवा आत ओढली जाते. हा दुसरा टप्पा. कार्बन डायऑक्साइड ठरावीक मर्यादेपलीकडे साठला की रंध्रे पूर्ण उघडतात आणि तो झपाट्याने बाहेर पडतो. आपण पाहिलेला तास बहुधा पहिल्या दोन टप्प्यांतला असावा, कारण ती फडफड साध्या भिंगातून दिसण्याइतकी मोठी नसते.

दुसऱ्या टप्प्यात हवेचा ओघ आतल्या दिशेने असल्यामुळे बाष्प बाहेर जाणे अवघड होते. पाणी वाचवण्याची कल्पना याच निरीक्षणातून आली, आणि माझ्या मते ती अजूनही सर्वांत भक्कम आहे. एका जातीच्या झुरळांवरील प्रयोगांत, अशा खंडित रीतीने श्वास घेणारी झुरळे अन्नपाण्यावाचून अधिक काळ तगली.

वारूळ:

काजवा यांनी यंत्रणा उत्तम समजावली आहे, तरी निष्कर्षाबाबत माझा मतभेद आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासानुसार हे खंडित श्वसन कीटकांच्या पाच गणांत आढळते: झुरळांचा, टोळ-नाकतोड्यांचा, भुंगेऱ्यांचा, फुलपाखरे-पतंगांचा आणि मुंग्या-मधमाश्यांचा, आणि ते किमान पाच वेळा स्वतंत्रपणे उद्भवले असावे. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. एकच गोष्ट इतक्या वेळा नव्याने घडते, तेव्हा तिच्यामागे दरवेळी तेच कारण असेल असे गृहीत धरता येत नाही.

पाण्याच्या कल्पनेला अडचणीही आहेत. अनेक कीटकांचे बहुतेक पाणी श्वासरंध्रांतून नव्हे, तर कातडीतून जाते. आणि काही जाती नेमक्या तहानलेल्या अवस्थेत ही पद्धत सोडून देतात. जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड जास्त आणि प्राणवायू कमी असतो, तिथे ही रीत उपयोगी पडते, असे मुंग्यांवरून सुचवले गेले. पण टसरचा कोसा तर देठाच्या कडीने उघड्या फांदीला लटकलेला असतो, त्याला ते कारण कसे लागू पडावे?

‘ही पद्धत कशी सुरू झाली’ आणि ‘ती का टिकली’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत असा माझा आग्रह आहे, कारण या विषयावरची निम्मी भांडणे ते एकत्र केल्यामुळेच होतात. झुरळाच्या मेंदूचे काम थंडाव्याने तात्पुरते थांबवले, तर सलग चाललेला श्वास आपोआप खंडित होतो, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या दोन मर्यादा एवढेच नियंत्रण उरले आणि गरज अगदी कमी असली, तर हे चक्र बाहेरच्या फायद्याशिवायही सुरू होऊ शकते. पुढे कोरड्या प्रदेशात पाण्याच्या बचतीमुळे ते टिकले व लांबले, हे मला पूर्ण मान्य आहे.

हिरवी सुरवंट:

एक मुद्दा राहिला. आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या ॲटलास पतंगाच्या कोषांवर हेट्झ आणि ब्रॅडली यांनी 2005 मध्ये दाखवले की बाहेरचा प्राणवायू बराच कमीजास्त केला तरी फडफडीच्या टप्प्यात आतला दाब 4 ते 5 किलोपास्कलच्याच आसपास राहतो. निवांत पेशींना जादा प्राणवायू घातक ठरतो, म्हणून रंध्रे मिटतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मला फार आकर्षक वाटतो, परंतु रंध्रे पूर्ण उघडतात तेव्हा आतला प्राणवायू बराच वर चढतोच, आणि या आक्षेपाचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

ऐनाचे पान:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बियाण्याचे कोसे थंड, सावलीच्या जागीच टांगावेत असे घरातील वडीलधारे का बजावत, हेही आता मला समजू लागले आहे. उष्णता वाढली की कोषाची प्राणवायूची गरज वाढते, चक्रे आखूड होतात, आणि रंध्रे वारंवार उघडल्यामुळे महिनोन्‌महिने पुरवायचे पाणी लवकर संपते. कापलेला कोसा मी दोऱ्याने बांधून पुन्हा इतरांशेजारी टांगला आहे. दर रविवारी त्याचे आणि शेजारच्या एका अखंड कोशाचे वजन घेऊन पावसाळ्यापर्यंतचे आकडे इथे देईन.