मदत हवी आहे: कीबोर्डवर डाव्या हाताचे कॉर्ड गाण्याशी जुळत नाहीत

कृष्णाकाठची
सांगलीहून लिहितेय. शनिवारी शाळेचं गॅदरिंग आहे, म्हणून घाईत आहे. बारा वर्षं मुलांची प्रार्थना पेटीवर वाजवतेय. यंदा माजी विद्यार्थ्यांनी कीबोर्ड भेट दिला, तोच वाजावा अशी सगळ्यांची इच्छा आहे. उजव्या हाताने चाल नीट येते. व्हिडिओ बघून सी, एफ, जी हे तीन मेजर कॉर्ड (एकदम दाबायचे तीन-तीन सूर) पाठ केले, बोटंही बरोबर पडतात. पण मुलांबरोबर वाजवलं की एफ गोड लागतो, सी कसाबसा चालतो, आणि जी दाबला की पोरं गायची थांबून माझ्याकडे बघतात. शिवाय एका कॉर्डवरून दुसऱ्यावर हात जाईपर्यंत ओळ पुढे गेलेली असते. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सज्जनगड_पायथा
ताई, प्रार्थना कोणती, कुठल्या पट्टीत (म्हणजे सा कुठे धरता), कीबोर्डवर स्टाईल चालू आहे का, यातलं काहीच लिहिलं नाहीत. स्टाईल चालू असेल तर डावीकडच्या पट्ट्या नुसते सूर वाजवत नाहीत, त्या कॉर्ड म्हणून ओळखून मशीन साथ देतं. आधी ते बघा.

तंबोरा_मिरज
प्रार्थनेला कॉर्ड कशाला हवेत ओ ताई? मागे सा-प धरून ठेवा, बास. आमच्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथल्याच शाळांत आता सगळं बटणावर चाललंय. जीव तुटतो.

कऱ्हाड८८
घेतानाच ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा घ्यायला हवा होता. ६१ वर पियानोचा हात बसत नाही. असो. सोपा उपाय सांगतो: ट्रान्सपोज वापरा. सगळं सी मध्येच वाजवायचं, पट्टी मशीन बदलतं.

कृष्णाकाठची
कीबोर्ड भेट आलाय, घ्यायचा प्रश्नच नाही. स्टाईल बंद आहे. प्रार्थना भूप रागातली आहे, मध्यम आणि निषाद कुठेच नाहीत. पट्टी नेहमीचीच, पांढरी चार. मुलं तिथूनच गातात.

वाईचा_घाट
मग उत्तर त्यातच आहे. पांढरी चार, म्हणजे सी पासून मोजलेली चौथी पांढरी पट्टी, म्हणजे एफ. तुमचा सा एफ वर आणि व्हिडिओवाल्याचा सा सी वर. त्याचे तीन कॉर्ड सी पट्टीतल्या गाण्याला आहेत, तुमच्या नाही.

आता पेटीवाल्याच्या कानाने बघा. एफ मेजर म्हणजे पांढरी चार, सहा आणि वरची एक. तुमच्या पट्टीत ते सा-ग-प, म्हणून गोड लागतं. सी मेजर म्हणजे तुमचे प-नी-रे, त्यात निषाद आला. आणि जी मेजर म्हणजे पांढरी पाच, सात आणि वरची दोन: रे, तीव्र म, ध. भूपात तीव्र मध्यम! पोरं थांबली यात त्यांची चूक नाही, त्यांचा कान चांगला आहे.

भूपाच्या पाच सुरांतून सरळ तीन सुरांचे दोनच कॉर्ड निघतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. तुमच्या पट्टीत एफ मेजर आणि डी मायनर. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजा. मेजरला पहिल्या सुरापासून ४ पुढे, मग ३ पुढे. मायनरला आधी ३, मग ४.

कऱ्हाड८८
एवढं गणित कशाला? ट्रान्सपोज +५ करा, सी दाबला की एफ वाजेल. दोन मिनिटांचं काम.

वाईचा_घाट
दादा, त्यांचा उजवा हात बारा वर्षं पांढरी चारवर बसलाय. +५ करून सवयीने तिथूनच सुरू केलं तर सा काळी पाचवर जाईल आणि ऐन स्टेजवर मुलं तारस्वरात अडकतील. चार दिवसांत नवीन सवय लावू नका.

सज्जनगड_पायथा
सहमत. आणि ताई, हात उशिरा पोचतो त्याचं कारण बहुतेक तुम्ही प्रत्येक कॉर्ड मूळ सुरापासूनच धरताय. तसं करू नका. डाव्या हाताची करंगळी मधल्या सप्तकाखालच्या पांढरी चारवर, मधलं बोट सहावर, अंगठा त्यापुढच्या एकवर. हा एफ. आता करंगळी आणि मधलं बोट तिथेच राहू द्या, फक्त अंगठा एकवरून दोनवर सरकवा. झाला डी मायनर, सूर तेच, क्रम वेगळा. अजून खाली खर्जात नका जाऊ, तिथे तीन सूर एकत्र गढूळ ऐकू येतात.

तंबोरा_मिरज
पेटीलाही एकेकाळी परकी म्हणून आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती. तेव्हा कीबोर्डला माझा विरोध नाही. पण कॉर्डने चाल झाकू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

कृष्णाकाठची
आत्ता करून बघितलं. अंगठा सरकवला आणि सूर असा वळला की मी तीन वेळा तेच वाजवत बसले. पेटीवर डावा हात कायम भात्यावर, त्याला बोटं असतात हे बारा वर्षांत कधी वापरलंच नव्हतं, म्हणून मनगट लगेच ताठ होतंय. एक अडचण उरली: दुसरी ओळ रिषभावर (रे वर) थांबते. तिथे दोन्ही कॉर्ड टोचतात.

वाईचा_घाट
तिथे मधलं बोट उचला. नुसते सा-प राहू द्या, त्यावर रिषभ मोकळा उभा राहतो. कॉर्ड प्रत्येक शब्दावर बदलू नका, केरवा तालाच्या समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच बदला. ओळ धैवतावर टेकली तर डी मायनर, सा वर आली की एफ.

तंबोरा_मिरज
बघा, सा-पच आलं शेवटी कामाला.

कृष्णाकाठची
मिळालं! रिषभ आता टोचत नाही. उद्या साडेदहाला मुलांबरोबर तालीम आहे, मनगट सैल ठेवायला काही सांगता येईल का कुणाला?